मावळातले मीठ, मिरची आणि मिरास

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत पसरलेला मुळशी तालुका आज हिंजवडीच्या संगणक कंपन्या, पिरंगुटचे कारखाने, लवासाच्या उतारावरील इमारती आणि टाटांचे धरण यांमुळे ओळखला जात असला, तरी 'जुने मुळशी' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते चित्र निराळेच असते. डोंगराच्या कुशीतले, जगाशी फारसा संबंध नसलेले, मिठापासून नांगरापर्यंत सारे घरच्या घरी भागवणारे, बारा बलुतेदारांसह गुण्यागोविंदाने नांदणारे गाव. त्या गावातला ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कांदा खाऊन तलवार गाजवणारा मावळा. आणि त्याच्या घरात उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकणारी बायको, असे ते चित्र होय. ते शाळेच्या पुस्तकांनी, चित्रपटांनी आणि अलीकडे हमरस्त्यावरच्या उपाहारगृहांनी इतके पक्के केले आहे की, त्यातील जवळपास प्रत्येक तपशील कागदपत्रांशी ताडून पाहिला तर डळमळतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

या चित्राचा उगम पुष्कळ अंशी इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनात सापडतो. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गाव ही आपला कारभार आपणच पाहणारी संस्था असल्याचे वर्णन होते, आणि १८३० मध्ये चार्ल्स मेटकाफ याने हिंदुस्थानातील खेड्यांना छोट्या प्रजासत्ताकांची उपमा देऊन, राज्ये आली-गेली तरी खेडी जशीच्या तशी राहतात, असा सिद्धान्त मांडला. मेटकाफच्या डोळ्यांसमोर उत्तरेतील खेडी होती आणि त्याच्या लेखनामागे महसुलाची कोणती पद्धत लावावी हा अगदी व्यावहारिक वाद होता. पण पुढे राष्ट्रीय चळवळीतील लेखकांना परकी सत्तेपूर्वीच्या सुवर्णकाळाची गरज भासली, तेव्हा हाच सिद्धान्त त्यांनी उचलून धरला. राज्यकर्त्याला आणि राज्यकर्त्याच्या विरोधकाला एकच कल्पना सोयीची वाटावी, असे इतिहासात नेहमी घडत नाही, आणि ती कल्पना इतकी टिकून का राहिली याचे उत्तर बहुधा या दुहेरी सोयीतच आहे.

स्वयंपूर्णतेच्या कल्पनेची पहिली परीक्षा मिठापाशी होते. मुळशीच्या एकाही खोऱ्यात मीठ पिकत नाही, ते कोकणातल्या मिठागरांतून घाट चढूनच यावे लागे, आणि लोखंड, तांब्याची भांडी, बांगड्या व बरेचसे कापड यांचीही गोष्ट तीच होती. तेलबैलाजवळून सुधागडाकडे उतरणारा सवाष्णीचा घाट आणि ताम्हिणीची वाट यांसारख्या पायवाटांवरून बैलांच्या पाठीवर गोण्या लादलेले तांडे ये-जा करीत. वर येताना मीठ, सुकी मासळी आणि नारळ येत, तर खाली जाताना देशावरचे धान्य जाई. घनगड, कैलासगड आणि कोराईगड हे किल्ले या वाटांच्या माथ्यावर उगीच उभे राहिलेले नाहीत. घाटवाटांवरून जाणाऱ्या मालावर जकात, म्हणजे वाहतुकीवरील कर, घेतला जाई, आणि ज्याच्या ताब्यात घाट त्याच्या ताब्यात ते उत्पन्न, असा हिशेब होता.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मुळशीचा 'दुर्गमपणा' हा अनादिकाळापासूनचा नसून तो मोठ्या प्रमाणात एकोणिसाव्या शतकाने घडवलेला आहे. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी धावू लागली, तेव्हा मुंबई आणि पुणे यांमधला व्यापार खंडाळा-लोणावळ्याच्या एका धारेत ओढला गेला, आणि तोवर वाहत्या असलेल्या दक्षिणेकडच्या बैलवाटा ओस पडू लागल्या. त्यानंतर १९२० च्या दशकात मुळा आणि नीळा या नद्यांच्या खोऱ्यात धरणाचे पाणी साठले, तेव्हा समोरासमोरची गावे पाण्याने एकमेकांपासून दुरावली आणि जुन्या पायवाटा तळाला गेल्या. आजचा पर्यटक ज्याला 'काळाने स्पर्श न केलेला प्रदेश' म्हणतो, तो प्रदेश रेल्वे आणि वीज या दोन अगदी आधुनिक गोष्टींनी बाजूला टाकलेला आहे.

खाण्यापिण्याविषयीचे समज तर अधिकच ठाम आहेत. ज्वारीची भाकरी हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाचे अन्न. मुळशीत पाऊस इतका पडतो की तेथे खाचरांत भात आणि उतारावर नाचणी, वरी व सावा हीच पिके येतात. त्यातही भात पिकवणारा भातच खात असे, असे मानणे चुकीचे ठरेल, कारण आंबेमोहरासारखा सुवासिक तांदूळ बाजारात किंमत आणी, त्यामुळे तो विकून सरकारचा सारा आणि सावकाराचे देणे भागवले जाई, आणि घरात नाचणीची भाकरी, वरीचा भात, कण्या व रानातल्या भाज्या यांवर वर्ष काढले जाई. पावसाळ्याच्या शेवटी जुने धान्य संपून नवे हाती यायच्या आधीचे दिवस सर्वांत कठीण असत, आणि त्या दिवसांत कंदमुळांचा आधार घ्यावा लागे.

मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग आणि तंबाखू या सगळ्या वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातल्या असून कोलंबसाच्या सफरीनंतरच त्या जुन्या जगात पसरल्या. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर मिरची पोर्तुगिजांच्या मार्फत सोळाव्या शतकात आली, त्यापूर्वी तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि आले यांवरच भिस्त होती. तंबाखूचा प्रसार मात्र इतका वेगाने झाला की १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग याने ती विजापुराहून आग्र्याला नेली. शिवकाळात मिरची अनोळखी नसली तरी बटाटा मावळच्या ताटात असण्याचा संभव नाही; त्याची लागवड पुणे जिल्ह्यात खऱ्या अर्थाने रुजली ती एकोणिसाव्या शतकात. शेंगदाण्याचे तेलही असेच अलीकडचे. डोंगरउतारावर काळ्या बारीक बियांची खुरासणी पेरली जाई, पिवळ्या फुलांनी उतार भरून जात, आणि घाण्यावर काढलेले तिचे तेल हेच मावळातील स्वयंपाकाचे तेल होते. 'पारंपरिक मावळी तांदूळ' म्हणून आज ज्याच्या पाट्या लागतात, तो इंद्रायणी तर १९८० च्या दशकात वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून प्रसारित झालेला वाण असून, आंबेमोहर-१५७ आणि आंतरराष्ट्रीय संशोधनातून आलेला आयआर-८ यांच्या संकरातून तो तयार झाला आहे. तो चवीला उत्तम आहे यात वाद नाही. पण तो आजोबांच्या ताटातला नव्हे, नातवाच्या काळातला आहे.

घरांविषयीही थोडक्यात सांगता येते. लाल मंगलोरी कौलांची घरे ही जुन्या खेड्याची खूण मानली जाते, परंतु या कौलांचा पहिला कारखाना मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये काढला आणि रेल्वेमुळेच ती दूरवर पोहोचली. मावळातले सामान्य घर कारवीच्या काड्यांच्या कुडाचे, शेणामातीने सारवलेले आणि गवताने किंवा भाताच्या पेंढ्याने शाकारलेले असे. वाडा हा देशमुखाचा किंवा पाटलाचा, आणि टिकून राहिला तोच असल्यामुळे आजच्या माणसाला जुन्या गावात सगळेच वाडे दिसतात.

बलुतेदारीच्या बाबतीत समज आणि वस्तुस्थिती यांतले अंतर केवळ तपशिलाचे नाही. बलुते म्हणजे गावाची कामे करणाऱ्या सुतार, लोहार, चांभार, महार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी आदींना सुगीच्या वेळी शेतकऱ्यांनी द्यावयाचा धान्याचा हिस्सा. बारा ही संख्या रूढ असली तरी कोणते बारा, याविषयी याद्यांमध्ये एकवाक्यता नाही, आणि मुळशीसारख्या डोंगरी भागात दहा-वीस घरांच्या वाडीला स्वतंत्र बारा बलुतेदार पोसणे शक्यही नव्हते; एकच सुतार किंवा न्हावी अनेक गावांचे काम पाही. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी मराठी कागदपत्रांच्या आधारे असे दाखवून दिले की महाराष्ट्रातील बलुतेदार हे अमुक एका कुटुंबाचे सेवक नसून संपूर्ण गावाचे वतनदार होते, म्हणजे त्यांचे काम आणि त्याचा मोबदला हा वंशपरंपरेचा हक्क होता, तो वाटला जाई, गहाण पडे, विकलाही जाई, आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालत. ही व्यवस्था गुण्यागोविंदाची होती, हे म्हणणे त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाचे नाव घेऊन मांडले जाते, तेव्हा तर आश्चर्यच वाटते; कारण आत्रे यांनी त्यात गावकामगार आणि मागते यांचा शेतकऱ्यावर पडणारा भार कडक शब्दांत मांडला आहे. आत्रे यांची दृष्टी शेतकऱ्याच्या बाजूची होती, आणि तीही एकांगी म्हणता येईल, कारण दुसऱ्या टोकाला महार वतनाची बाजू होती: गावाच्या सीमेची साक्ष देणे, सरकारी टपाल पोचवणे, अधिकाऱ्याच्या मुक्कामाला लाकूडफाटा पुरवणे, मेलेली गुरे ओढणे अशी रात्रंदिवसाची कामे, आणि मोबदला मात्र इतरांच्या मर्जीवर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच कारणासाठी, आणि ही वतने कायद्याने रद्द व्हायला १९५० च्या दशकाची अखेर उजाडावी लागली.

मावळा ही जात नव्हे आणि पेशाही नव्हे. मावळात राहणारा तो मावळा. पौड खोरे, मुठे खोरे, मोसे खोरे, कोरबारसे अशा खोऱ्यांचे कारभार देशमुखांकडे असत, आणि मोसे खोऱ्याचे बाजी पासलकर हे त्यांतले सर्वांत ओळखीचे नाव. त्यांच्याच खोऱ्यात पुढे वरसगावचे धरण झाले आणि त्या जलाशयाला त्यांचे नाव मिळाले. देशमुखाच्या हाकेवर शस्त्र घेऊन जाणारे बहुसंख्य लोक शेतकरीच होते, पावसाळ्यात त्यांचे हात चिखलणीत गुंतलेले असत, आणि दसऱ्याला मोहिमा निघण्यामागे धर्मापेक्षा भातशेतीचे आणि ओढ्यानाल्यांचे वेळापत्रक अधिक होते.

'जमीन कसेल त्याची होती आणि इंग्रजांनी ती सावकारांच्या घशात घातली' हा समज अर्धा खरा असल्यामुळेच दूर करायला अवघड आहे. मराठा काळात जमीन कसणारे दोन प्रकारचे असत: मिरासदार, म्हणजे ज्याचा जमिनीवर आणि गावातल्या घरठाणावर वंशपरंपरेचा हक्क मान्य आहे तो, आणि उपरी, म्हणजे मुदतीच्या कराराने जमीन करणारा बाहेरचा माणूस. मिरासदार सारा थकवून गाव सोडून गेला, तरी काही पिढ्यांनी परत येऊन आपली मिरास मागू शके, आणि तशी भांडणे गोतसभेपुढे, म्हणजे गावचे वतनदार व जातभाई यांच्या सभेपुढे, चालत. निवाड्याचा जो दस्तऐवज होई त्याला महजर म्हणत. उपऱ्याला असे संरक्षण नसे. कर्जही जुनेच होते: पुण्याच्या पूर्वेकडील लोणीकंद या गावाची पाहणी टॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने पेशवाई संपल्यावर दोन वर्षांच्या आतच केली, तेव्हाही तेथील बहुतेक शेतकरी कर्जात असल्याचे त्याला आढळले. बदलले ते कर्जाच्या वसुलीचे साधन. रयतवारी पद्धतीत १८३० च्या दशकापासून शेताची मोजणी होऊन प्रत्येक क्रमांकाला खातेदाराचे नाव लागले, खाते विकता-गहाण टाकता येऊ लागले, आणि दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा मिळवून सावकार जमीन आपल्या नावावर करू लागला. पूर्वी तो पीक नेत असे, आता खाते नेऊ लागला. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उसळलेल्या दंग्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, धान्याची कोठारे नव्हेत, यावरून संकटाचे मूळ त्यांना नेमके कुठे दिसत होते हे कळते. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला, पण तोवर मुळशीच्या खोऱ्यांतील पुष्कळ भातजमीन पुण्यातील सावकारांच्या नावे झाली होती, आणि तिचे जुने मालक तीच जमीन कूळ म्हणून कसत होते.

जमिनीचे तुकडे होण्याची गतीही याच काळातली आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी मुळशीच्या सीमेलगत असलेल्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून १९१७ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात १७७१ मध्ये सुमारे ४० एकर असलेली सरासरी धारणा १९१५ पर्यंत सुमारे ७ एकरांवर आल्याचे दाखवले आहे. या गावातील अनेक पुरुष त्या वेळीच खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला जात होते. 'शेतकऱ्याने गाव सोडून नोकरी धरणे' ही आजची तक्रार शंभर वर्षांपूर्वीही जुनीच होती. मावळातली माणसे तर मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत राबून गावाकडच्या शेताचा सारा भरत होती.

स्त्रियांच्या जीवनाविषयीची बहुतेक सर्वसाधारण विधाने ही पांढरपेशा, त्यातही ब्राह्मण कुटुंबांच्या अनुभवावरून काढलेली असतात, कारण आत्मचरित्रे आणि सुधारणावादी लेखन तेथूनच आले. मावळातल्या कुणबी, कोळी किंवा धनगर घरातील बाई लावणीला चिखलात उभी राहत असे, डोंगरातून सरपण आणत असे, आणि बाजारात विकायलाही जात असे. पडदा तिला परवडणारा नव्हता. पुनर्विवाहाचा प्रश्न तर सर्वांत बोलका आहे. 'पूर्वी विधवेला लग्न करता येत नसे' हे विधान महाराष्ट्रातील बहुसंख्य जातींना लागूच नव्हते, कारण त्यांच्यात पाट लावण्याची, म्हणजे कमी विधींनी दुसरे लग्न करण्याची, रीत होती. नवऱ्याशी जमले नाही तर काडी मोडून सोडचिठ्ठी घेता येई. आणि पाट इतके नित्याचे होते की सरकार त्यावर पाटदाम नावाचा कर घेई. पाटाच्या बाईला पहिल्या लग्नाच्या बाईइतका मान नसे, आणि ज्या घराण्यांना प्रतिष्ठा वाढवायची असे ती पाट बंद करून ब्राह्मणी रीत उचलीत, हेही तितकेच खरे. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने उच्च जातींतील विधवांसाठी मार्ग मोकळा केला. पण त्याच कायद्यातील एका कलमानुसार पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क संपुष्टात येई, आणि मुंबई उच्च न्यायालयासह काही न्यायालयांनी हे कलम पाटाची रीत असलेल्या जातींनाही लावले. सुधारणेच्या कायद्याने ज्यांना त्या सुधारणेची गरज नव्हती त्यांचेच नुकसान करावे, असा हा प्रकार होता. बालविवाह मात्र सर्वच थरांत प्रचलित होता. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींसाठी १४ आणि मुलांसाठी १८ वर्षांची मर्यादा घातली, तीही दीर्घकाळ कागदावरच राहिली.

आयुर्मानाबाबत दोन परस्परविरोधी समज एकाच वेळी नांदतात: जुनी माणसे शंभरी गाठत, आणि जुनी माणसे तिशीतच मरत. १९११ ते १९२१ या दशकासाठी भारतातील जन्मवेळचे सरासरी आयुर्मान अवघे २० वर्षांच्या आसपास निघते, आणि त्यात १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीचा मोठा वाटा आहे. परंतु ही सरासरी असून तिला खाली ओढणारे प्रमुख कारण बालमृत्यू हे होते. दर पाच मुलांपैकी एखादे तरी पहिल्या वर्षातच दगावत असे. लहानपणातून निभावलेल्या माणसाने पन्नाशी पाहणे नवलाचे नव्हते, आणि गावात दोन-चार म्हातारे नेहमीच असत. ते म्हातारे खरोखर किती वयाचे होते, हा प्रश्न वेगळा. जुन्या शिरगणतीत लोकांची वये तीस, चाळीस, पन्नास अशा आकड्यांवर अस्वाभाविक दाटीने जमलेली दिसतात, कारण जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसे आणि वय हे अंदाजाने, 'मोठ्या दुष्काळात मी एवढा होतो' अशा खुणेने सांगितले जाई. शंभरीची कीर्ती बहुतांशी अशा अंदाजांवर उभी आहे.

जंगलाकडे वळले तर 'माणसाचा हात न लागलेले सह्याद्रीचे रान' ही कल्पनाही तशीच तपासावी लागते. मावळातला भात राबाशिवाय होत नसे. राब म्हणजे भाताचे रोप तयार करण्यासाठी निवडलेल्या वाफ्यावर शेण, झाडांची टाळ, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचून, वर माती पसरून, उन्हाळ्याच्या अखेरीस ते भाजणे. त्याने तण आणि किडी मरतात, राख मिसळते, आणि पाऊस पडताच तेथे बी टाकले जाते. एका खाचराच्या रोपासाठी पुष्कळ झाडांचे शेंडे छाटावे लागत, त्यामुळे गावाभोवतालच्या ऐन, किंजळ यांसारख्या झाडांना दरवर्षी छाटणी होई. उंच उतारावर काही वर्षे नाचणी-वरी काढून जमीन पुन्हा रानाला सोडून देण्याची पद्धत होती, कातकरी खैरापासून कात काढीत आणि कोळसा पाडीत, गवळी धनगर म्हशी घेऊन सड्यावर राहत आणि लोणी-तूप देऊन धान्य नेत. १८७८ च्या वन कायद्यानंतर सरकारी राखीव जंगलातून टाळ तोडणे हा गुन्हा ठरू लागला, तेव्हा शेजारच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष माजला की १८८५ मध्ये त्यासाठी आयोग नेमावा लागला. देवराया मात्र कोयतीपासून वाचल्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातील देवरायांचा अभ्यास केला. देवराई जपली गेली ती गावाला रान तोडावे लागत होते म्हणूनच. राखलेला तुकडा वेगळा दिसतो तो आजूबाजूला वापर चालू असल्यामुळे.

हे सगळे धागे मुळशी सत्याग्रहात एकत्र आलेले दिसतात, आणि त्याविषयीही एक समज पक्का बसला आहे, तो म्हणजे एका बाजूला कंपनी आणि दुसऱ्या बाजूला एकजूट झालेला मावळ. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या टाटा पॉवर कंपनीने मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज पुरवण्यासाठी येथे धरण योजले. पन्नासहून अधिक गावे आणि सुमारे ११ हजार माणसे त्याच्या कचाट्यात आली. आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागी कामासमोर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे यांनी खोऱ्यात संघटन उभे केले. शंकरराव देव यांना तुरुंगात फटके खावे लागले. तथापि, १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे भरपाई मिळायची ती खात्यावर नाव असलेल्याला, आणि जेथे खाते सावकाराचे आणि नांगर कुळाचा, तेथे दोघांचे हितसंबंध एक राहणे अशक्य होते. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो विस्तृत अभ्यास केला, त्यात जमीनमालक सावकारांनी अखेरीस वाढीव मोबदल्यावर समाधान मानले आणि त्यामुळे चळवळीचा पाया खचला, हे स्पष्ट केले आहे. १९२४ मध्ये लढा संपुष्टात आला आणि १९२७ मध्ये घाटाखाली भिरा येथे वीज निर्माण होऊ लागली. कंपनी आणि सरकार यांचे म्हणणे असे होते की अडाणी मावळ्यांना पुण्याच्या पुढाऱ्यांनी भडकावले. परंतु ज्या माणसांच्या पूर्वजांनी मिरासीसाठी पिढ्यान्‌पिढ्या महजर करवले, जे दरवर्षी सारा, व्याज आणि टाळ यांसाठी तीन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांशी झगडत होते, त्यांना जमिनीची किंमत कोणी शिकवण्याची गरज होती, असे मानायला आधार नाही.

दैनंदिन जीवनाचा इतिहास ज्या कागदांतून काढावा लागतो, ते कागद मुख्यतः कर, वतन आणि भांडणे यांचे आहेत. पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दप्तराचे हजारो मोडी रुमाल याच स्वरूपाचे आहेत. ज्याच्याकडे वतन नव्हते, खाते नव्हते आणि ज्याच्यावर कर बसवणे सरकारला परवडत नव्हते, त्याची नोंद तेथे क्वचितच होते, आणि म्हणून कातकऱ्यांच्या वस्त्या व धनगरवाडे हे जुन्या मुळशीच्या चित्रात रानाच्या पार्श्वभूमीसारखे राहून गेले. या अनुपस्थितीला आज अगदी व्यावहारिक अर्थ आला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार कातकऱ्यांसारख्या अनुसूचित जमातींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवणे पुरते. पण महाराष्ट्रात अनुसूचित जमातींच्या यादीत नसलेल्या गवळी धनगरांना त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, आपण तेथेच राहत होतो आणि वनावरच जगत होतो हे सिद्ध करावे लागते. कायद्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तीत गॅझेटियर, शिरगणती आणि वनखात्याचे कागद यांच्याबरोबरच जुनी घरठाणे, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आणि वडीलधाऱ्यांची लेखी जबानी यांनाही मान्यता दिलेली असून, ग्रामसभेपुढे दावा करताना त्यांपैकी किमान दोन जोडावे लागतात.